अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेटने १९०७ साली मारली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. नेपाळात सुमारे २०० आणि कुमाऊंत २३६ अशी ४३६ माणसं तिने मारली होती. शेवटच्या काही क्षणांत काय घडलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. कॉर्बेटकडे त्या वेळी तीनच काडतुसं होती आणि ती संपली. जखमी वाघीण एका खडकावर उभी होती. तो धावत तहसीलदाराकडे गेला, त्याच्या हातातली बंदूक घेऊन परत आला आणि साधारण वीस फुटांवरून तिच्या उघड्या जबड्यावर नेम धरून त्याने चाप ओढला. गोळी लागली उजव्या पंजाला.

वाघीण आधीच्या गोळ्यांनीच मरणपंथाला लागली होती, म्हणून कॉर्बेट वाचला. चाप ओढण्याआधी बंदूक उचलली तेव्हाच तिच्या नळ्या आणि मागचा बंद यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंचाची फट त्याला दिसली होती. बोटाच्या पेराइतका जबडा चुकला असता तर वेगळी गोष्ट. इथे जबड्याऐवजी पाय लागला होता.

नेम चुकलेल्याने हत्याराला दोष दिला, की आपल्याकडे एकच म्हण ऐकवतात: नाचता येईना, अंगण वाकडं. पण त्या दिवशी अंगण खरंच वाकडं होतं. रायफलच्या इतिहासात असे प्रसंग बरेच आहेत. मी शिकार कधी केली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच संपला. बंदुकीशी माझा संबंध एनसीसीच्या परेडपुरता. पण दुरुस्तीचा इतिहास वाचायला मला आवडतो. लढाया कोणी जिंकल्या हे पाठ्यपुस्तकात असतं. बिघाड कोणी आणि कसा शोधला हे शोधावं लागतं. लाकडी दस्त्याच्या रायफलचा बिघाड हा त्यातला सगळ्यात चकवणारा प्रकार आहे, कारण तहसीलदाराच्या बंदुकीतल्यासारखी फट तिथे डोळ्यांना दिसत नाही.

काही इंचांची किंमत

आधी यात एवढं काय अडलंय ते पाहू. हरणाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते, ती साधारण जेवणाच्या ताटलीएवढी. गोळी तिथे लागली तर जनावर लवकर मरतं. चार-पाच इंच इकडेतिकडे झाली तर ते तुटलेला पाय किंवा फुटलेलं पोट घेऊन पळतं आणि झुडपात कुठेतरी दिवसभर तडफडतं.

वाघाच्या बाबतीत हिशोब तिथेच संपत नाही. चंपावतच्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते, आणि ते जुन्या गोळीने तुटले होते. आपलं नेहमीचं सावज तिला धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटचं म्हणणं. कुणाची तरी एक गोळी काही इंच चुकली, आणि त्याची किंमत त्या गोळीशी काही संबंध नसलेल्या गावांनी दिली. म्हणून ‘नेम का चुकला’ हा प्रश्न मला हौशी लोकांचा वाटत नाही.

बोअर युद्धातले अठरा इंच

नेम चुकला की पहिला संशय माणसावर जातो. लष्करात तर तो जातोच, कारण शिपायाला कवायत करायला लावणं हे कारखान्याला जाब विचारण्यापेक्षा सोपं असतं.

बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटिशांनी दक्षिण आफ्रिकेत पाठवायच्या स्वयंसेवकांना ली-एनफिल्ड रायफली दिल्या. त्यातल्या बऱ्याचशा रायफलींची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, चुकीच्या जागी बसवलेली निघाली. ५०० यार्डांवर गोळी सुमारे १८ इंच उजवीकडे जात होती. नेम अचूक धरणारा शिपाई अचूकपणे चुकत होता. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं.

हा दोष लाकडाचा नव्हता. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. ५०० यार्डांवरचे १८ इंच म्हणजे १०० यार्डांवर साडेतीन इंच. एवढीशी चूक जवळून सहज नजरेआड होते. शिवाय ही चूक इमानी होती: प्रत्येक गोळी त्याच बाजूला, तितकीच. सगळ्या गोळ्या एका मुठीत मावतील इतक्या जवळ पडत असतील आणि ती मूठ फक्त भलत्या जागी असेल, तर माशी सरकवून काम भागतं. खरा त्रास सुरू होतो तो गोळ्या विखुरतात तेव्हा, किंवा आज एका जागी आणि महिन्याने दुसऱ्या जागी पडतात तेव्हा. तिथे लाकडावर संशय घ्यावा लागतो.

पावसाळ्यात न लागणारं दार

कोकणातल्या घरात राहिलेल्याला लाकडाचा स्वभाव समजावून सांगायला नको. मे महिन्यात सैल वाटणारं दार जुलैत चौकटीत अडकतं. सुतार येतो, कडेला रंधा मारतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे फुगतं-आकसतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही. धाग्याच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. आडव्या दिशेला भरपूर हलतं. अमेरिकेतला काळा अक्रोड हे रायफलच्या दस्त्याचं एक नावाजलेलं लाकूड. ते ओलं असताना मोजलं आणि पूर्ण वाळवून पुन्हा मोजलं, तर खोडाच्या वर्तुळांच्या दिशेत सुमारे ७.८ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे ५.५ टक्के. दोन दिशांना वेगवेगळं हलल्यामुळे ते नुसतं फुगत नाही, पिळवटतंही.

आता हिशोब करून पाहा. कोरड्या उन्हाळ्यातून भर पावसाळ्यात येताना लाकडातला ओलावा दहा टक्क्यांनी वाढला, तर साडेचार सेंटिमीटर रुंदीच्या दस्त्यात मिलिमीटरभराचा फरक पडू शकतो. जाड लाकडाला आणि तेल पाजलेल्या लाकडाला तिथवर पोचायला आठवडे लागतात, पण ते पोचतं. ब्रिटिश शिपाई दस्त्याला जवसाचं तेल चोळायचे; त्याने ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. आणि नळी व लाकूड यांच्यामधली जागा कित्येकदा कागदाच्या जाडीची असते. तिथे मिलिमीटर म्हणजे फार झालं.

नळी थरथरते

पण लाकूड नळीला जरासं टेकलं तर एवढं काय बिघडतं? नळी तर पोलादाची!

याचं उत्तर शोधायला १९०१ साल उजाडावं लागलं. ए. मॅलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने रायफलच्या नळीच्या कंपनांवरचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. गोळी सुटते तेव्हा नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते. थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतून बाहेर पडायला गोळीला मिलिसेकंद-दीड मिलिसेकंद लागतो, आणि तेवढ्यात नळीचं तोंड वर-खाली हललेलं असतं. ते बाहेर पडण्याच्या क्षणी जिकडे असेल, गोळी तिकडे जाणार. प्रत्येक वेळी थरथर अगदी सारखी असेल तर काहीच अडचण नाही. सतारीच्या तारेला भलत्या ठिकाणी बोट लागलं की सूर बदलतो. इथे ते बोट लाकडाचं असतं, आणि हवामानाप्रमाणे कमी-जास्त दाबतं.

अमेरिकेत डॉ. फ्रँकलिन मॅन याने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला. त्याने प्रयोगातून आधी माणूस काढला, मग लाकूड काढलं. नुसती नळी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या खाचेत ठेवली, खाच काँक्रीटच्या भक्कम बैठकीवर बसवली, आणि वर्षानुवर्षं एकेका कारणाची वेगळी परीक्षा घेतली. त्याचं पुस्तक १९०९ साली आलं. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते त्याच्या चिकाटीसाठी. अंगण वाकडं आहे की नाही हे ठरवायचं तर नाचणाऱ्याला बाजूला बसवून अंगण मोजायला हवं, हे त्याने अक्षरशः केलं.

थ्री-नॉट-थ्रीचं लाकूड

आपल्याकडे रायफल म्हटलं की आधी थ्री-नॉट-थ्री आठवते. एनसीसीच्या परेडला मी जी खांद्यावर घ्यायचे तीही हीच. चार किलोच्या आसपास वजन, आणि हाताला लागायचं ते बहुतेक लाकूडच. तिचं प्रसिद्ध रूप, मार्क ३, जानेवारी १९०७ मध्ये मंजूर झालं. चंपावतची वाघीण मेली तेच वर्ष.

या रायफलचं लाकूड अखंड नाही. खांद्याला लागणारा मागचा दस्ता वेगळा, नळीखालचा लांब तुकडा वेगळा, आणि हात भाजू नये म्हणून नळीच्या वर बसवलेली लाकडी झाकणं वेगळी. पुढचं लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत जातं. नळी तुलनेने हलकी. म्हणजे पातळ नळी आणि तिला चारी बाजूंनी लाकूड: बिघाडाला आमंत्रणच.

हे माहीत असल्यामुळे रचनाकारांनी नळीला मोकळं सोडलं नाही. लाकडात स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी खुंटी नळीला खालून वर रेटत राहायची. लाकूड थोडं हललं तरी दाब साधारण तेवढाच राहावा, ही कल्पना. पुढच्या नंबर ४ रायफलमध्ये लाकडाचं टोकच नळीला ठरावीक पौंडांच्या दाबाने उचलून धरेल असं बसवत.

दुसरी नाजूक जागा मागे होती. गोळी सुटताना लोखंडी यंत्रणा मागे ढकलली जाते आणि लाकडाच्या दोन छोट्या पृष्ठभागांवर आदळते. तेलाने मऊ पडलेलं किंवा मुळातच मऊ असलेलं लाकूड तिथे चेपतं. एकदा चेपलं की यंत्रणा प्रत्येक गोळीला निराळी बसते, आणि मग कितीही चांगला नेमबाज असो, गोळ्या पांगणारच. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात स्थानिक मऊ लाकूड वापरावं लागलं, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घालून ते फाटणार नाही अशी सोय केली. जुन्या रायफली जमवणारे आजही त्याला ईशापूर स्क्रूच म्हणतात.

याच घराण्यातली शिकारी रायफल म्हणजे ईशापूरची .३१५. .३०३ हे लष्करी काडतूस; ते नागरी परवान्यावर मिळत नसे. म्हणून तशाच यंत्रणेवर वेगळ्या काडतुसाची लाकडी दस्त्याची रायफल आली. तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत. १८६९ पासूनच्या या कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरं काडतुसांच्या बुडावर दिसतात.

थ्री-नॉट-थ्रीची एक गंमतही सांगायला हवी. तिची यंत्रणा मागच्या बाजूला अडकते, त्यामुळे गोळी सुटताना ती जरा जास्तच लवते. हा दोष खरा. पण त्या लवण्यामुळे हळू निघालेली गोळी नळी थोडी वर असताना बाहेर पडते आणि जलद निघालेली थोडी खाली असताना. हजार यार्डांवर दोघी पुन्हा जवळ येतात. म्हणून जवळच्या अंतरावर साधारण वाटणारी ही रायफल लांबच्या स्पर्धांत नावाजली गेली.

काजळ, नोट आणि पुठ्ठा

मग बिघाड शोधायचा कसा? पलटणीतले हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर आणि शिकारी रायफली बनवणारे मिस्त्री यांनी पिढ्यान् पिढ्या घडवलेली पद्धत आजही तीच आहे. ती वाचताना मला घरगुती वैद्याची आठवण होते: आधी साधे प्रश्न, मग अवघड.

पहिलं, माणूस बाजूला काढायचा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि एकाच प्रकारच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्या मारायच्या. मग लक्ष्याचा कागद वाचायचा. तो बरंच बोलतो. गोळ्या कुठेही पांगल्या असतील तर आधी स्क्रू तपासायचे, कारण लाकूड आकसलं की काल घट्ट असलेला स्क्रू आज सैल होतो. दुर्बीण असेल तर तिच्या पकडीही. गोळ्या दोन वेगळ्या पुंजक्यांत पडत असतील तर काहीतरी दोन जागांवर आळीपाळीने बसतंय. पहिली गोळी जागेवर आणि पुढच्या एकेक करून वर चढत असतील तर नळी तापतेय, आणि तापताना लाकडाला कुठेतरी टेकतेय. पुंजका घट्ट आहे पण ऋतूप्रमाणे जागा बदलतो, तर लाकूड वळलं आहे.

नळी कुठे टेकते हे पाहायला कागदाची पट्टी किंवा नोट नळी आणि लाकूड यांच्यामध्ये घालून मागे सरकवत नेतात. अडली की जागा सापडली. त्याहून बारकाईने पाहायचं तर तेलात खललेलं काजळ. लोखंडाला त्याचा पातळ हात द्यायचा, रायफल जुळवायची, उघडायची. लाकडावर जिथे काळं उमटेल तिथे ते टेकतंय. तिथलं लाकूड अगदी थोडं खरवडायचं आणि पुन्हा काजळ. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही, त्यामुळे चांगला मिस्त्री इथे घाई करत नाही. उलट काही नळ्यांना आधार हवासा असतो. तेव्हा दस्त्याच्या टोकाशी पुठ्ठ्याचा तुकडा घालून पाहायचा. पुंजका आवळला तर उत्तर मिळालं, आणि नाही तर पुठ्ठा काढून टाकायचा.

या सगळ्यात एक शिस्त आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रूही आवळला, लाकूडही खरवडलं आणि काडतूसही बदललं, तर रायफल सुधारेल कदाचित, पण कशाने सुधारली ते कळणार नाही आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं पहिल्यापासून. शिवाय काही जागी क्रम चुकला तर नुकसान होतं. जुन्या थ्री-नॉट-थ्रीत मागचा दस्ता धरणाऱ्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता तो बोल्ट फिरवला की पुढचं लाकूड फाटतं. दुरुस्ती करायला बसलेल्याने नवा बिघाड करून ठेवायची ही खात्रीची रीत.

लाकडाचा निरोप

मिस्त्रींचं हे कसब मागे पडलं ते व्हिएतनाममध्ये. अमेरिकन मरीन दलाने १९६६ मध्ये एम-४० ही स्नायपर रायफल घेतली. मूळची ती रेमिंग्टनची शिकारी रायफल, लाकडी दस्त्याची. तिथल्या उष्ण, दमट हवेत लाकूड फुगलं, वळलं, आणि अचूकतेसाठीच घेतलेली रायफल बेभरवशाची झाली. १९७० च्या दशकात तिची एम-४० ए-१ ही आवृत्ती आली, फायबरग्लासच्या दस्त्यासह. अमेरिकन लष्कराने त्याच सुमारास आपल्या एम-२१ रायफलच्या अक्रोडी दस्त्यात इपॉक्सी राळ मुरवून पाहिली. पुढे लाकूड ठेवायचं तरी यंत्रणेखाली राळेची पक्की बैठक ओतायची आणि नळीला चारी बाजूंनी मोकळं सोडायचं, ही रीत शिकारी रायफलींमध्येही रुळली. ओलाव्याला दाद न देणारं अंगण तयार झालं.

याचा तोटा मला दिसत नाही. जखमी होऊन पळणारी जनावरं त्यामुळे थोडी तरी कमी झाली असतील, तर अक्रोडाच्या सुंदर रेषांसाठी हळहळायचं कारण नाही. पण काजळ आणि पुठ्ठ्याच्या त्या काळाने एक सवय लावली होती. चूक दिसली की माणसावर ओरडायच्या आधी वाळूच्या पिशव्या मांडायच्या, पाच गोळ्या मारायच्या, कागद वाचायचा. आणि तसंच उलटही: हत्याराला दोष द्यायचा तर पुरावा दाखवायचा. पिशव्यांवरून पुंजका घट्ट आला, तर दोष माणसाचाच. मग ती म्हण मुकाट्याने ऐकून घ्यायची.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५, मौझर यंत्रणेची, लाकडी दस्त्याची. पुढे कुमाऊंच्या जंगलात अनेक वर्षं, अनेक पावसाळे तिने कॉर्बेटला साथ दिली. २०१५ मध्ये ती बनवणाऱ्याच कंपनीकडे परत गेली, लाकडासकट.